सालीचं नाव

माझ्या वर्गात चार केझिया होत्या.
केझिया मनालू, केझिया सिपायुंग, छोटी केझिया,
आणि मी, दालचिनीवाल्याची.
बाई हजेरीला नाव एकदाच घ्यायच्या
आणि चौघींचा "हजर" एकदम उडायचा,
चिमण्यांत खडा पडावा तसा.

पाद्री सांगायचे, नाव जुन्या करारातलं,
ईयोबाच्या मधल्या मुलीचं.
केझिया म्हणजे तज,
दालचिनीची रांगडी बहीण.
बाबा हसायचे: एवढा समुद्र ओलांडून
आमच्याच झाडाचं नाव आलं की फिरून!
केरिंचीच्या उतारावर कुऱ्हाड चालू असायची,
अंगणात साली वाळायच्या,
उन्हात हळूहळू आतल्या आत वळत,
रुसलेली पोर भिंतीकडे तोंड करून निजते तशा.

पुढे सुंगाई पनुहच्या नोंदणी कचेरीत लागले.
जन्माचे दाखले टंकते.
नावांनाही हंगाम असतात, हे तिथे कळलं.
वाळवीनं कडा खाल्लेल्या वहीत
रुसमिना, लामटिआर, तिओमिनार,
मग एका वर्षी पहिली केझिया,
पुढच्याच पानावर दोन,
मग पेरल्यासारख्या.
कुणी 'झ'च्या जागी 'स' लिहून मागतं,
कुणी शेवटी एक जास्तीचा 'ह',
पोरीला थोडा श्वास अधिक मिळावा म्हणून.
आता ओसरल्या. आता लोक फोन पुढे करतात,
त्यात चमकणारं एखादं नाव.
गेल्या महिन्यात एकही केझिया नाही.

सेमिनरीतून आलेला नवा उपदेशक
चहा फुंकत म्हणाला, त्यांच्या भाषेत
या शब्दाचं मूळ सोलण्यात आहे, खरवडण्यात.
म्हणजे सुगंध नंतरचा.
आधी सुरी.

आमच्या बाताक लोकांत
पहिलं मूल झालं की बाईचं नाव मिटतं.
माझ्या आईला सगळे हाक मारतात
नाई केझिया, म्हणजे केझियाची आई.
एकदा जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून,
मी माझीच नोंद शोधायला बसले.
माझ्या आधी तीन वर्षं, त्याच आईबापांच्या नावे
आणखी एक ओळ होती.
तिऊर. म्हणजे उजळ.
शेजारी लाल शाईत दुसरी तारीख.
बोटांवर मोजलं:
चार महिने, अकरा दिवस.
भात तसाच राहिला.

तर आई आधी नाई तिऊर होती.
आणि मग बराच काळ
बाजारात तिला काय म्हणून थांबवायचं
हे कुणालाच सुचलं नसणार.
लोक रस्ता बदलत असतील,
वाईटपणानं नव्हे, शब्दाअभावी.

त्या रात्री ईयोब पुन्हा वाचला.
देवानं त्याचं सगळं दुप्पट परत केलं.
सात हजारांची चौदा हजार मेंढरं,
उंटसुद्धा मोजून दुप्पट.
मुली मात्र तीनच.
पहिल्याही तीनच होत्या,
वाऱ्यानं घर कोसळलं त्यात गेल्या.
इतके अध्याय बोलणाऱ्या त्या पुस्तकात
त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.
या नंतरच्यांची आहेत.
यमीमा, मी, केरेन-हप्पूक.

सकाळी आई सालींच्या जुड्या बांधत होती.
दारातून मी हळूच म्हणाले,
"नाई तिऊर."

तिनं मागे पाहिलं नाही.
हातातली गाठ सुटली.
तिनं ती पुन्हा बांधली, जरा जास्तच घट्ट,
आणि म्हणाली,
"त्या कोपऱ्यातली साल अजून ओली आहे.
पलटव तेवढी."